मोरखिंडचे एकसष्ट

१९ मे २००२, रविवार

क्रांतीला माहेरी पोचवून आलो. सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा आमच्याकडचा कायदा. शिवाजी पेठेत घरापासून चार पावलांवर डॉक्टर असला तरी त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मोरखिंड म्हणजे शाहूवाडीच्या डोंगरातलं अकराशे वस्तीचं गाव. एसटीनं हाडं खिळखिळी केली.

सासरे आकारामभाऊ तिथले सरपंच. मी त्यांना मामा म्हणतो. पंगतीत बसल्या बसल्या सुरू झाले, "काय पावणं, आकडेमोड काय म्हणतीया? आकड्यांनी पोट भरतंय व्हय?" मी हायस्कुलात गणित शिकवतो आणि साप्ताहिक 'खडाजंगी'त 'आकडे बोलतात' हे सदर लिहितो, हे त्यांना लग्नापासून टोचतंय. सगळी पंगत हसली. क्रांतीसुद्धा! मी भात कालवला. पण लक्षात ठेवलंय.

दुपारनंतर क्रांतीला गावातल्या आरोग्य उपकेंद्रात दाखवलं. तिथल्या नर्स ललिताबाई. पंचेचाळिशीच्या, घर कोडोलीला, नोकरी आठ वर्षं इथं. यजमान बाबासो अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत म्हणे. बाईंच्या हाताला यश आहे, असं अख्खी मोरखिंड सांगते. तपासणी झाल्यावर सगळं एका जाडजूड रजिस्टरात लिहिलं. मी आकड्यांचा माणूस आहे म्हटल्यावर रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "बघायचं हाय का, सर? समदं हितं हाय." मी म्हटलं, बाई, आता सगळं इंटरनेटवर येतंय, वह्यांचे दिवस संपले. त्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग जिल्ह्याच्या हापिसात कुणाची वळख हाय का हो तुमची?" मी वशिलेबाजीवर चांगली दहा मिनिटं ऐकवली. बिचाऱ्या गप ऐकत राहिल्या. समजावून सांगणारं कुणी भेटलं की खेड्यातल्या माणसाला बरं वाटतं.

२४ मे, शुक्रवार

शाळेला सुट्टी, घरात बायको नाही, त्यामुळे प्रसेनजीतच्या सायबर कॅफेत मुक्काम. तालमीच्या मागच्या गल्लीत तीन संगणक टाकलेत त्यानं. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. लाइन दर पंधरा मिनिटांनी तुटते, मग मोडेम घसा बसलेल्या कोंबड्यासारखं आरवतं आणि आम्ही दोघं हात जोडून बसतो.

पुढच्या सदराचा विषय: जिल्ह्याचं आरोग्य. पण इंटरनेटवर काय एकेक नग आहेत! एका पानावर कुष्ठरोग्यांचा आकडा, साल कुठलं ते नाही. दुसऱ्यानं नकाशात कोल्हापूर समुद्रकाठी नेऊन ठेवलंय. तिसरा म्हणतो, तज्ज्ञांच्या मते शंभरातले ऐंशी आजार पोटामुळे. कुठले तज्ज्ञ? पान खाली ओढलं तर चूर्णाची जाहिरात.

"सर, ह्यातलं खरं कुठलं समजायचं?" प्रसेनजीतनं विचारलं.

मी कागदाच्या पाठीवर लिहून दिलं: कुणी मोजलं? कधी मोजलं? कुठून घेतलं? ज्या आकड्याला ही तीन उत्तरं आहेत तो खरा, बाकी सगळे बाजारबुणगे. त्यानं तो कागद भिंतीला चिकटवला. मग म्हणतो, "आणि कुणाला मोजलं, हे नको का इचारायला?"

मी हसलो. माणसं मोजतात, प्रसेनजीत, म्हशी नव्हे.

२५ मे, शनिवार

सापडलं! 'ग्राम आरोग्य दर्पण'. कुठल्याशा संस्थेची वेबसाइट आहे. गावागावांचे तक्ते. कुणी मोजलं: उपकेंद्रानं. कधी: एप्रिल २००१ ते मार्च २००२. कुठून: मासिक अहवालांतून. तिन्ही परीक्षांत पैकीच्या पैकी.

आणि त्यात मोरखिंड! लोकसंख्या ११०८. वर्षातले जन्म एकसष्ट.

एकसष्ट! म्हणजे हजारी पंचावन्न. राज्याचा आकडा वीस-एकवीसच्या आसपास, आणि आमच्या सासरवाडीत पंचावन्न. ज्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मामांनी 'छोटं कुटुंब' म्हणून तांबड्या अक्षरांत रंगवून घेतलंय, तिथं! तीनदा भागाकार केला. तिन्ही वेळा तेवढाच आला. प्रसेनजीतला चहा पाजला.

क्रांतीला कळलं तर रागावेल, असं एकदा मनात आलं. पण सत्याला सासरा नसतो. हे वाक्य लेखात घालणार.

२ जून, रविवार

छापून आलं. 'मोरखिंडचा पाळणा थांबेना!' काळ्या चौकटीत एकसष्टचा आकडा, हा एवढा. उपकेंद्र झोपलंय का, असा सवालही टाकलाय. पेठेत तिघांनी थांबवून अभिनंदन केलं. त्यातल्या एकानं वाचलंही होतं.

४ जून, मंगळवार

मामांचा फोन. रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ऐकला.

"पावणं, ह्यो आकडा कुठनं आणलासा?"

"इंटरनेटवरनं."

"इंटरनेट कवा आलतं आमच्या गावात मोजाय? वर्साला एकसष्ट पोरं हुयाला लागली तर शाळा दोन मास्तरांवर चालली असती व्हय? अंगणवाडीत बावीस डोकी हायती, बावीस!"

मुद्दा सोडून भलतीकडे न्यायचं, ही राजकारणी माणसाची जुनी खोड. मी नम्रपणे फोन ठेवला.

२० जून, गुरुवार

क्रांतीचा एसटीडी बूथवरून फोन. तुमचा लेख वरच्या ऑफिसात कुणीतरी फाइलला लावला, ललिताबाईंना मेमो आला, आणि मागोमाग बदलीचा आदेश. प्रशासकीय कारणास्तव कोडोली. दुसरी नर्स आली की यांनी सुटायचं.

"ती दुसरी कवा यायची? आणि आली तर कसली यायची? माझं दिवस भरत आल्यात, अहो! सगळ्या बाया उपकेंद्रात बसून रडायला लागल्यात."

मी म्हटलं, आकडे खोटं बोलत नाहीत.

"मग आकड्यांकडनंच सैपाक करून घ्या. बाईंची बदली थांबल्याशिवाय मी कोल्हापूरला यायची न्हाय. बाळ पण यायचं न्हाय."

फोन आपटला. सातव्या महिन्यात असताना तरी जरा सौम्य होती.

२३ जून, रविवार

पहिल्या गाडीनं मोरखिंडला. बसस्टँडवर एक आजीबाई माझ्याकडं बघून भिंतीवर थुंकली. भिंतीवर लेख चिकटवलेला होता.

उपकेंद्रात गर्दी. एक बाई बांबवड्याची, एक इस्लामपूरची, एक थेट सांगलीची, एक क्रांतीची बालमैत्रीण कागलची. सगळ्यांची पोटं आलेली नाहीतर मांडीवर तान्हं. मी आपलं सहज विचारलं, लांबून लांबून आलात? तर त्या एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावून हसल्या. पाहुण्यांची इतकी वर्दळ असलेलं गाव मी बघितलं नाही. हवा चांगली असावी.

ललिताबाई मागच्या अंगणात पत्र्याची पेटी घासत होत्या. गुणगुणत होत्या. कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या, कुंड्या पलीकडच्या धोंडुबाईला. चेहरा अगदी टवटवीत. दुःख लपवायची ही खेड्यातली रीत, माझ्या काळजात चर्र झालं. मी म्हटलं, बाई, माझ्या लेखामुळं तुमच्यावर ही वेळ आली...

"तसं न्हाय, सर. मी काय म्हणत हुते..."

मी त्यांना बोलूच दिलं नाही. एक शब्द बोलू नका, म्हटलं. आकडा खरा असेल तर मी तरी काय करू? पण खोटा निघाला तर ही बदली मी थांबवीन, या विजयसिंहाचा शब्द आहे. बाईंचा हात पेटीवर तसाच थांबला. डोळे भरून आले असावेत. मी मान वळवली.

घरी क्रांतीनं समोर बसवलं. पाणी दिलं नाही.

"मी कुठली?"

"म्हणजे?"

"राहते कुठं मी?"

"शिवाजी पेठेत."

"आणि बाळ कुठं हुणार?"

"इथं."

"मग कुठल्या गावात मोजणार?"

मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला, तो तिनं मागं सरकवला.

"बांबवड्याची सुमन, इस्लामपूरची शोभा, ती सांगलीची. समद्या ह्या गावच्या लेकी हायत. बाळंतपणाला आल्यात. आणि नुसत्या पहिल्याला न्हाय, दुसऱ्याला पण येतात, बाईंचा हात सोडून कुठं जायचं म्हणून. पोर हितं हुतंय, बाई लिहितात, सव्वा महिन्यानं पोर सासरी. आता कळलं का, मास्तर?"

च्यायला.

मी स्वतः तिला एसटीत बसवून, पिशवी मांडीवर घेऊन, ह्या गावात मोजायला आणून सोडली. प्रसेनजीतनं विचारलं होतं. मामांनी अंगणवाडीची डोकी सांगितली होती. इंटरनेटवरचा तक्ता वाचणारा हा शहाणा, आपल्या बायकोच्या पोटाकडं बघून हिशेब चुकला! इतकी लाज मला बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा वाटली नव्हती.

२४ जून, सोमवार

शाळेत रजेचा फोन केला आणि रजिस्टर मागितलं. बाईंनी काढून दिलं, पण जरा नाखुशीनंच. रागावल्या असतील, हक्कच आहे.

अक्षर काय देखणं! प्रत्येक बाळंतिणीपुढं माहेर, सासर, कितवी खेप. दर महिन्याच्या अहवालाची कार्बन कॉपी लावलेली, आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरात तळटीप: 'वरीलपैकी बाहेरगावी नांदणाऱ्या माहेरवाशिणी इतक्या'. बारा महिने, बारा तळटीपा. मी विचारलं, मग ही तळटीप वेबसाइटवर का नाही?

"त्यांच्या मशिनीत तळटिपेला रकानाच न्हाय म्हणं."

बेरीज केली. एकसष्टातल्या एकेचाळीस माहेरवाशिणी. राहिल्या वीस.

३० जून, रविवार

वीसवर थांबणं हीही लबाडीच. मोरखिंडच्या सुनाही आपापल्या माहेरी बाळंत झाल्या असणार, त्या बाईंच्या रजिस्टरात कुठून येणार? म्हणून मामांच्या राजदूत फटफटीवर मागं बसून आठवडाभर दारोदार. मी विचारायचो, मामा आधीच शिव्या घालून दार उघडून ठेवायचे. "ह्यो आमचा जावई. इंटरनेटवाला." एका घरात विठाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, "सून म्हायेराला बाळत झाली, आता हितं नातू मोजाय आलास व्हय?" अशा सुना चार निघाल्या. वीस आणि चार चोवीस. हजारी बावीस. म्हणजे इतर चार गावांसारखंच एक गाव.

मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलतायत. ते जास्त जड जातंय.

५ जुलै, शुक्रवार

संस्थेला ईमेल केला. उत्तर आलं: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा केला. पुन्हा मोलाचा आहे. पाचव्या मोलानंतर प्रसेनजीतनं मोरखिंडचं पान उघडून दाखवलं. एकसष्ट तसेच, आणि खाली नवी ओळ: 'या आकडेवारीला स्थानिक वृत्तपत्रानेही दुजोरा दिला आहे.' पुढे माझ्या लेखाचं नाव, तारखेसकट.

म्हणजे मी त्यांच्याकडून उचललं, आणि त्यांनी माझ्याकडून दाखला घेतला. प्रसेनजीत खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मग उठून त्यानं भिंतीवरच्या कागदावर स्वतःच्या हातानं चौथा प्रश्न लिहिला: कुणाला मोजलं?

१४ जुलै, रविवार

'माझी चूक' छापून आलं. संपादक नाही नाही म्हणत होते, चुकीला कोण वाचतंय म्हणाले. शेवटी गाळलेल्या जाहिरातीच्या जागी दिली. काळी चौकट मात्र मिळाली नाही.

अंक, तक्ता आणि तळटीपांच्या झेरॉक्स घेऊन तालुक्याच्या साहेबांच्या घरीच गेलो, रविवार होता ना. साहेबांनी तक्ता उलटा धरून बराच वेळ पाहिला. मी सुलटा करून दिला. मामा शेजारी मिशा कुरवाळत बसले होते, त्याचा जास्त उपयोग झाला असं मला वाटतं. साहेब म्हणाले, बघू.

२१ जुलै, रविवार

मुलगी!

सकाळी अकराला, ललिताबाईंच्या हातावर. नाळ गळ्याभोवती होती. बाहेर मी आणि मामा एकमेकांचा हात धरून उभे होतो, कुणी आधी धरला ते दोघंही सांगणार नाही. आत अर्धा मिनिट कसलाच आवाज नाही. मग बाईंचा शांत आवाज, "रड की गं, रड. एवढं काय लाजायचं?" आणि रडली.

बाई बाहेर आल्या, रजिस्टर उघडलं. 'सासर' या रकान्यात त्यांनी शिवाजी पेठ, कोल्हापूर लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं. मी रडत होतो, सरळ सांगतो.

ह्या बाईला मी इथून हलू देणार नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

बदली रद्द! आदेशाची प्रत मी स्वतः तालुक्यातून घेतली. उद्या शाळा सुटली की पेढे घेऊन मोरखिंड. क्रांतीला आधी सांगणार नाही, बाईंच्या हातात कागद देताना सगळ्यांनी बघितलं पाहिजे.

३ ऑगस्ट, शनिवार

उपकेंद्रात पंधरा-वीस बाया जमवल्या. मामा चार शब्द बोलले. मी आदेश बाईंच्या हातात दिला. टाळ्या. धोंडुबाईनं लगेच कुंड्या परत आणून ठेवल्या.

बाईंनी कागद वाचला. घडी घातली. सगळ्यांना पेढा दिला, स्वतः खाल्ला नाही. बाया गेल्यावर मी म्हटलं, आता तरी हसा.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक फाइल काढून माझ्यापुढं ठेवली, पहिल्या दिवशी रजिस्टर ठेवलं होतं तशीच. आत अर्ज. विनंती बदलीचे. कोडोली मिळावी म्हणून. आठ वर्षांत नऊ.

"यजमान दोन वर्सं झाली झोपून हायत, सर. पोरगा संघर्ष, त्यो बाचं समदं करतोय आणि कालेजला जातोय. ह्या बुद्धपौर्णिमेला पण मला जाता आलं न्हाय. नऊ अर्जांनी जे झालं न्हाय ते तुमच्या त्या चुकीच्या आकड्यानं एका दिसात झालतं."

"मग... मग सांगितलं का नाही?"

"सांगाय गेलते की. तुम्ही म्हणालासा, एक शब्द बोलू नका." त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "आणि बायांम्होरं कसं म्हणू, मला जायाचं हाय म्हणून? समद्या रडत हुत्या. कुणी इचारलंच न्हाय."

मी फाइल घेऊन बाहेर आलो आणि कुंड्यांशेजारी पायरीवर बसलो. मोठ्यानं स्वतःला शिव्या दिल्या. धोंडुबाईनं विचारलं, पावणं, पेढा लागला व्हय?

४ ऑगस्ट, रविवार

उद्या पहिल्या गाडीनं जिल्ह्याच्या ऑफिसात जाणार, दहावा अर्ज घेऊन. क्रांतीला सांगितलेलं नाही. बाई गेल्या तर ती मला फाडून खाईल, आणि नाही गेल्या तर मी स्वतःच्या तोंडाकडं आरशात बघू शकणार नाही. मामांना काय सांगायचं तेही कळत नाही. सत्याला सासरा नसतो, असं लिहिणाऱ्या गाढवाला चांगलाच आहे.

(याच पानावर, खाली, दुसऱ्या अक्षरात)

पाळण्याशेजारी वही उघडी टाकून आंघोळीला जाता, मग वाचणार नाही तर काय करणार?

उद्या एकटे जाऊ नका. आमचे आबा, म्हणजे तुमचे मामा, येणार आहेत, त्यांना मी सांगितलंय. आधी मिशा कुरवाळल्या, मग म्हणाले, राजदूत काढतो.

बाईंना कुणी विचारलं नाही, त्यात मीही आले. तेव्हा अर्ज मी नव्यानं लिहिलाय. ललिताबाईंना कोडोली द्या, आणि त्या जायच्या आधी इथं चांगली नर्स द्या, दोन्ही एकाच कागदावर. सकाळपासून सव्वीस सह्या झाल्यात. प्रत्येकीपुढं माहेर आणि सासर दोन्ही लिहिलंय, साहेबांची मोजताना चूक नको. धोंडुबाई सही करायला तयार नव्हती, बाईंचे यजमान कसे आहेत ते सांगितल्यावर अंगठा देऊन गेली.

अर्ज आधी बाईंना वाचून दाखवला. मी 'आमच्या ललिताबाई' असं लिहिलं होतं. त्यांनी पेन घेतलं, 'आमच्या'वर रेघ मारली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

खाली तुमच्यासाठी जागा सोडलीय. सही करा आणि मग निघा.